आजोबांचं आधार आणि निंबाळकरांच्या ४४३ धावा

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही कराडजवळ राहतो. मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण झाली. क्रिकेटचं भयंकर वेड. सरावाला जातो, घरी आला की माझाच फोन घेऊन एक क्रिकेटची साइट उघडून बसतो. स्कोअर, बातम्या, पिच रिपोर्ट असं सगळं त्यात असतं. मी दोन-तीनदा पाहिली, वावगं काही दिसलं नाही. वाईट फोटो वगैरे नाहीत. पण ह्यांचं म्हणणं, फोनच काढून घे. सासूबाई म्हणतात, खेळाचंच बघतोय ना, बघू दे. मोठी मुलगी अकरावीत आहे, ती म्हणते, आई, तिथल्या कमेंट वाच एकदा. अशी साइट या वयाच्या मुलाला चालेल का, हे ओळखायचं कसं? साइटचं नाव खाली लिहिलंय. आणखी एक, परवा तो आजोबांच्या आधार कार्डाचा फोटो मागत होता, कशाला ते सांगितलं नाही.
– एक आई

नमस्कार ताई,

आधारचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि मी नेमकी तिथेच अडकले. म्हणून आधी ते. फोटो दिलाय का, हे आजच विचारा. मुलाला नको, आजोबांना. निवड चाचणीला वयाचा दाखला लागतो, पण तो खेळणाऱ्याचा. चौदा वर्षांच्या पोराला म्हाताऱ्या माणसाचं आधार लागतं ते बहुतेक एकाच कामासाठी, कुठेतरी ‘मी अठराच्या पुढचा आहे’ असं भासवून खातं उघडायला. असंही असेल की मित्रांत कुणी काही बोललं आणि हा नुसता चाचपून बघत होता. तेव्हा लगेच घर डोक्यावर घेऊ नका. पण साइट बरी की वाईट हा तुमचा प्रश्न आणि तो फोटो, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

आता साइट. नाव इथे छापत नाही, फुकटची जाहिरात कशाला? रविवारी दुपारी ती उघडली आणि दीड तास तिच्यात काढला. वीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर नोकरी केली. पान सुटायची वेळ झालेली आणि धावफलकाची बेरीज चार धावांनी चुकतेय, अशा रात्री पुष्कळ काढल्या. त्यामुळे खेळाची बातमी मनापासून लिहिलेली कुठली आणि नुसती चिकटवलेली कुठली, हे वासावरून कळतं.

पहिलं पान बघून मलाही काही खटकलं नाही. स्कोअर बरोबर, कोण जखमी, कोण संघात परतला, सगळं ताजं. आपण आया पडद्यावर आधी काय शोधतो, तर उघडंवाघडं चित्र. ते नसलं की हुश्श करून चहा टाकायला जातो. मी बातमीच्या तळापर्यंत गेले. प्रत्येक सामन्याच्या बातमीखाली ‘आज कोण जिंकणार?’ असा चौकोन, त्यात दोन्ही संघांच्या नावापुढे आकडे: १.८५, १.९५ असे. त्याखाली ‘खात्रीचा अंदाज हवा असेल तर आमच्या टेलिग्रामवर या’. मग पिच रिपोर्ट वाचले. मुंबईचं वानखेडे आणि चेन्नईचं चेपॉक, या दोन मैदानांवरच्या खेळपट्ट्यांचं वर्णन शब्दाला शब्द सारखं! लिहिणाऱ्याने दोन्हींपैकी एकही पाहिलेली नाही आणि त्याला त्याची फिकीरही नाही, कारण वाचणारा खेळपट्टीसाठी आलेलाच नाही असं तो धरून चाललाय. बातम्यांना लेखकाचं नाव नाही. ‘आमच्याविषयी’ या पानावर ‘आम्ही क्रिकेटवेड्यांचा समूह’ एवढं एक वाक्य. गाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. २०२१ च्या नियमांनंतर नामांकित बातम्यांच्या साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिसतो. इथे तळाशी टेलिग्रामचं निळं विमान.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक पानाची टपरी होती. तिथे पान खाताना मी कुणाला पाहिलं नाही. माणसं आकडा लावायला यायची. तुमच्या मुलाची साइट त्या टपरीची नात आहे.

हे माझं एकटीचं निरीक्षण समजू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना आणि डिजिटल बातमीवाल्यांना बजावलं होतं, की परदेशी सट्टा कंपन्या बातम्यांच्या साइटचं सोंग घेऊन जाहिराती करताहेत, त्या दाखवू नका. सोंग कसं, तर बोधचिन्ह सट्ट्याच्या साइटसारखंच ठेवायचं आणि वर म्हणायचं, आम्ही तर खेळाच्या बातम्या देतो. सोड्याच्या नावाने दारूची जाहिरात चालते, त्यातलाच प्रकार. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाच केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, बेकायदा ठरवले. नुसती जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशाच्या फँटसी स्पर्धा (कागदावर आपला संघ निवडायचा आणि त्यावर पैसे लावायचे) चालवणाऱ्या मोठ्या देशी कंपन्यांनी लगेच दुकान आवरलं, त्यांच्यातल्या एकीचं भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावसुद्धा उतरलं. तेव्हा आजही जो कुणी पोरांना ‘टीम लाव, पैसे जिंक, फक्त आधार पाठव’ म्हणतोय, तो कायद्याच्या बाहेर उभा राहून म्हणतोय. त्याच्या हातात आजोबांचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो जाणार. त्या कागदावर उद्या सिमकार्ड निघालं किंवा बँकेत खातं उघडलं, तर पोलीस दार ठोठावतील ते आजोबांचं.

मग तुम्हाला यातलं काहीच का दिसलं नाही? एक कारण वर सांगितलं, आपण चुकीची गोष्ट शोधतो. दुसरं अधिक मजेशीर आहे. साइटवरच्या बऱ्याच जाहिराती बघणाऱ्याप्रमाणे बदलतात. तुम्ही त्याच फोनवर साड्या आणि मिक्सर बघितले असतील तर तुम्हाला पैठणी दिसते. म्हणून साइट तपासताना ब्राउझरमधली खासगी खिडकी उघडा, तिला ‘इनकॉग्निटो’ म्हणतात, मुलीला विचारा, ती दाखवेल. त्यातून गेलं की जुन्या खुणा बऱ्याच पुसल्या जातात आणि साइट परक्या माणसाला कशी भेटते ते कळतं. सामना चालू असताना उघडा. दुपारी शांत असलेलं दुकान संध्याकाळी साडेसातनंतर वेगळंच असतं.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट. मुलगा तुमच्या फोनवर, तुमच्या खात्यातून बघतो. म्हणजे साइटच्या लेखी तिथे बसलीय एक प्रौढ बाई. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय, त्यांच्या हालचालींवर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद केली आहे. गूगलही अठराखालच्या खात्यांना आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवत नाही. हे सगळं संरक्षण तुमच्या मुलाच्या वाट्याला येतच नाही, कारण तो आईचा पदर पांघरून बसलाय. त्याचं खऱ्या जन्मतारखेचं वेगळं खातं काढा. फोन तोच राहिला तरी चालेल.

आता ते १.८५. टीव्हीवर सामन्याच्या मध्यात ‘जिंकण्याची शक्यता ६२ टक्के’ असं दाखवतात, तो सट्टा नव्हे. मागच्या सामन्यांवरून केलेला हिशेब असतो, कुणी त्यावर पैसे मागत नाही. दशांश चिन्हातला आकडा मात्र भाव असतो. शंभर लावले आणि संघ जिंकला तर १८५ परत, त्यात तुमचेच शंभर आले. तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी बीजगणितात संभाव्यता शिकायची आहे, तर तो धडा घरीच होऊन जाऊ द्या. समजा दोन तोडीस तोड संघ आहेत आणि दोघांपुढेही १.८५ लिहिलंय. त्याला कागदावर दोन्ही संघांवर शंभर-शंभर लावायला सांगा. खिशातून गेले २००. एक संघ जिंकणारच. परत आले १८५. पंधरा रुपये कुठे गेले? मग त्याला १ भागिले १.८५ करायला लावा. सुमारे ५४ टक्के येतात. दोन्ही संघांचे मिळून १०८. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाते कशी, हे त्यालाच शोधू द्या, तुम्ही गप्प बसा. वरचे आठ दुकानदाराचे असतात, कोणीही जिंको. पोरांना ‘सट्टा वाईट’ हे ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं, त्याचा उपयोग शून्य. आपल्याला कुणीतरी गंडवतंय हे कळलं की मात्र चौदा वर्षांच्या मुलाला जो राग येतो, तो कामाचा असतो.

साइट ओळखण्यासाठी माझी स्वतःची एक परीक्षा आहे. क्रिकेटची साइट म्हणवत असेल तर मी शोधायच्या चौकटीत भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव घालते. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा, त्यात निंबाळकर नाबाद ४४३. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा एका डावातल्या ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर होता. मधल्या सुटीत काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेला. आपला कोल्हापूरचा माणूस नऊ धावांसाठी राहिला तो राहिलाच, कसोटी तर त्याला एकही मिळाली नाही. प्रथम श्रेणीत भारतीयाने केलेली ती अजूनही सर्वांत मोठी खेळी आहे. या स्कोअरकार्डावर आज कुणालाही पैसे लावता येत नाहीत. तरी ते ज्याने जपून ठेवलंय, त्याला खेळाविषयी काही वाटतं एवढं नक्की. क्रिकइन्फो १९९३ पासून चालू आहे, तिथे हे सापडतं. जाहिराती तिथेही आहेत, तीही काही देवळातली समई नव्हे, पण खेळाचा इतिहास आहे, लेखकांची नावं आहेत, चूक झाली तर दुरुस्ती करणारं कुणीतरी आहे. तुमच्या साइटवर निंबाळकर टाकलं तर उत्तर आलं, ‘आजचे सामने बघा’.

बाकी खेळांनाही असंच काहीतरी शोधून काढता येतं. मुलगा बुद्धिबळ खेळत असता तर मी लीचेसचं नाव सांगितलं असतं. ती साइट देणग्यांवर चालते, एकही जाहिरात नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकला, ते डाव चाल-चालीने बघत बसलं तर दिवस पुरत नाही. साइट कुणाच्या पैशावर चालते एवढं एक कळलं, की निम्मं उत्तर मिळालं.

तुमच्या मुलीचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. कमेंट मी वाचल्या, आणि इथे उतरवू शकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईत आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध आपला गोलंदाज अर्शदीप सिंग याच्या हातून एक झेल सुटला. तेवीस वर्षांचं पोर. रात्रभर त्याला देशद्रोही म्हणत होते, विकिपीडियावरच्या त्याच्या पानातसुद्धा कुणीतरी खोडसाळपणा केला. त्याच्या आदल्या वर्षी विश्वचषकात हरल्यावर गोलंदाज मोहम्मद शमीच्या धर्मावरून असंच झालं, तेव्हा विराट कोहलीला भर पत्रकार परिषदेत त्याच्या पाठीशी उभं राहावं लागलं. तुमचा मुलगा स्वतः मैदानात उतरतो. उद्या त्याच्याही हातून झेल सुटेल. सुटलेल्या झेलाबद्दल माणसाशी कसं बोलतात, हे तो रोज रात्री कुठे शिकतोय?

कमेंट तपासायच्या तर आपण हरलेल्या सामन्याच्या तपासा, जिंकल्यावर सगळेच गोड असतात. आणि शिव्या दिसल्या म्हणून लगेच साइट बाद करू नका. चार लोक जमले तिथे शिवी येणारच, आपल्या गल्लीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यातही येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पान पुन्हा उघडा. ती शिवी अजून तिथेच असेल, तर त्या घराला धनी नाही. तुमच्या साइटवर आठ महिन्यांपूर्वीच्या शिव्या जशाच्या तशा नांदतायत.

आणि फोटो. ‘वाईट फोटो नाहीत’ असं तुम्ही लिहिलंत, शब्दाला धरून बघितलं तर खरंय. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्यात, म्हणजे तुमच्या शेजारचीच म्हणायची. त्या आठवड्यात तुमच्या साइटवर काय होतं ते मी मागे जाऊन पाहिलं. अंतिम सामन्याची एक बातमी, तीही सहा ओळींची. आणि ‘कोणती खेळाडू जास्त सुंदर’ अशा फोटोंच्या चार मालिका. एकाही फोटोत आक्षेप घ्यावा असं काही नाही, खेळही नाही. अकरावीतल्या बहिणीला हे खुपलं आणि नववीतल्या भावाला काही वाटलंच नसेल, तर त्या दोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावा. तुम्ही मध्ये पडू नका.

प्रोटीन पावडरच्या आणि ‘सहा आठवड्यांत बायसेप’च्या जाहिराती होत्या, त्यांचं एका वाक्यात सांगते: या वयात डॉक्टरला विचारल्याशिवाय डब्यातलं काही नको, सरावानंतर भाकरी, उसळ, अंडी, दूध पुरतं.

थोडक्यात, ही साइट नको. पण ‘बंद कर’ म्हणून फोन हिसकावलात, तर तो हीच साइट मित्राच्या फोनवर बघेल आणि तुम्हाला कळायचंही नाही. ह्यांना तेवढं समजावा. सासूबाईंना सांगा, खेळ बघू द्यायचाच आहे, म्हणून तर खेळाची साइट शोधतोय. तुम्ही एका संध्याकाळी मुलाच्या मागे नव्हे, शेजारी बसा आणि त्यालाच ती साइट दाखवायला सांगा. ‘बुमराचा यॉर्कर खेळता का येत नाही ते मला समजाव’ असं काहीतरी विचारा आणि खरंच ऐका. पंधरा मिनिटांनी ‘हे दोन आकडे कसले रे?’ एवढाच प्रश्न. उत्तर देताना तो घाईघाईने वर सरकवायला लागला, तर त्याला ते माहीत आहेत. मोकळेपणाने सांगायला लागला, तर आणखी बरं, लगेच ते दोनशे रुपयांचं गणित काढा.

टेलिग्राम फोनवर आहे का ते मात्र बघा. साइटवरून कुठल्याही गटात जाणं, अनोळखी माणसाशी खासगी बोलणं, कुणाकडून ‘आयडी’ घेणं, इथे माझी सहनशक्ती संपते. आयडी हा शब्द नीट लक्षात ठेवा. मुलं शाळेच्या ओळखपत्राला आयडी म्हणतात आणि बुकी लोक सट्ट्याच्या खात्याला. ‘भाव’, ‘सेशन’, ‘लगाया’, ‘खाया’ हे शब्द त्याच्या आणि मित्रांच्या बोलण्यात आले, तर ती क्रिकेटची परिभाषा नाही हे समजून असा.

तुमच्या यूपीआयचा इतिहासही चाळा. पन्नास-शंभराच्या रकमा अनोळखी नावांवर, आणि त्या सामन्यांच्या संध्याकाळी गेल्या असतील, तर उत्तर मिळालंच. असं निघालं आणि पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीसाठी आहे, जितक्या लवकर तितकं बरं. त्या क्षणी मुलाला मारू नका. हरलेले पैसे भरून काढायला तो आणखी लावत असेल, रात्री झोपत नसेल, चिडचिड करत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आधारचा फोटो आधीच कुणाला गेला असेल तर आजोबांना विश्वासात घ्या, आणि आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून किंवा अ‍ॅपवरून त्यांच्या आधारची बायोमेट्रिक माहिती (बोटांचे ठसे वगैरे) कुलूपबंद करून ठेवा. पुढे कुणाला आधारची प्रत द्यावीच लागली, तर पहिले आठ आकडे झाकलेली मिळते, तीच द्या.

आणि यातलं काहीच निघालं नाही, आजोबांचा फोटो दुसऱ्याच कुठल्या निरुपद्रवी कामाला हवा होता, तर मला हसा, मला चालेल.

मुलाला माझ्याकडून एक काम द्या. १९४८ चं ते स्कोअरकार्ड त्याने स्वतः शोधायचं. निंबाळकर ४४३ करत होते तेव्हा दुसऱ्या टोकाला एकाने द्विशतक ठोकलं होतं, ज्याचं नाव आता कुणी घेत नाही. ते नाव आणि त्याच्या धावा मला कळवायला सांगा. उत्तर टेलिग्रामवर मिळणार नाही.

तुमची
ताई